आभाराची ओळ

"माझा नवरा सोमवारपासून घरी नाही," जिना चढून आलेल्या वहिनी धापा टाकत म्हणाल्या. "पोलीस म्हणतात, त्यांचे निरोप येताहेत, म्हणजे ते हरवलेले नाहीत. मी म्हणते, त्यांना रोज दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं आणि इन्सुलिन माझ्या फ्रीजमध्ये पडलंय. आता खरं कुणाचं धरायचं?"

गुरुवार होता, सकाळचे साडेदहा. हवालदाराने वही उघडली होती, ती तशीच राहिली.

हवालदार आता नावापुरताच हवालदार. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण नाव काही निवृत्त झालं नाही. ज्यांच्याकडे तो काम करायचा त्या बाई आधी शाळेत गणित शिकवत आणि आता हरवलेलं शोधून देत. लोक त्यांना नुसतंच 'बाई' म्हणत. डोकं बाईंचं आणि पाय हवालदाराचे, अशी त्यांची वाटणी होती. त्यात हवालदाराला कधी कमीपणा वाटला नाही.

"शेवटचं इन्सुलिन कधी घेतलं?" बाईंनी विचारलं.

"सोमवारी सकाळी. संध्याकाळी सहाला लॅपटॉपची पिशवी घेऊन निघाले. तासाभरात येतो म्हणाले. म्हणून इन्सुलिन टोचायचं पेन नेलं नाही."

तीन दिवस! हवालदाराने वही मिटली. नोकरीत असताना एका बंद घराचं दार त्याने तासभर उशिरा तोडलं होतं. त्या तासाचा हिशेब त्याच्याकडे कुणी मागितला नाही, पण तो स्वतः अजून देत होता.

"चला," बाई चष्मा पुसत उठल्या. "बाकीचं रिक्षात सांगा."

रिक्षात वहिनींनी सांगितलं ते असं. नवऱ्याला सगळे गुरुजी म्हणतात, पण त्यांनी कधी कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. वीस वर्षांपासून ते घरी बसून एक प्रोग्राम सांभाळतात. त्याचं नाव 'पहारेकरी'. तो कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, दुरुस्त करावा. यंत्राच्या पोटात तो गुपचूप बसतो. यंत्राने दर मिनिटाला 'मी जागा आहे' असं त्याला कळवायचं. नाही कळवलं, की यंत्र अडकलं असं समजून तो ते बंद करून पुन्हा चालू करतो.

"कुठल्या यंत्रांच्या पोटात?" हवालदाराने विचारलं.

"लिफ्ट, पाण्याचे पंप, दवाखान्यातली श्वासाची यंत्रं. खरं सांगू? जगातली निम्मी यंत्रं आमच्या ह्यांच्या कंबरदुखीवर चालतात आणि शेजाऱ्यांना वाटतं, हा माणूस बेकार आहे."

त्या हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या.

*

घर दोन खोल्यांचं. बाई आधी फ्रीजपाशी गेल्या. दारातल्या कप्प्यात इन्सुलिनची दोन पेनं होती.

"तीन होती," वहिनी म्हणाल्या. "तिसरं अगदी मागे होतं, बर्फाला चिकटून गोठलेलं. डॉक्टर म्हणाले, गोठलं की औषध मेलं, वापरू नका. दुकानात परत द्यायचं म्हणून मी त्याला रबर लावून ठेवलं होतं. सोमवारी रात्री होतं, मी मोजली होती. मंगळवारी संध्याकाळी बघते तर नाही. जिवाला घोर लागलेला, मीच कुठे फेकलं असेल."

"हे अजून कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"मग सांगू नका."

टेबलापाशी भिंतीवर एक जुना कागद फ्रेम करून लावला होता: पहारेकरीचं पहिलं पान. वर 'लेखक' असं छापलेलं, त्याखाली गुरुजींचं नाव. त्याच्या खालच्या ओळीवर खोडायच्या पांढऱ्या शाईचा जाड थर होता. हवालदाराने त्यावरून बोट फिरवलं.

"दोघांनी मिळून सुरू केलं होतं," वहिनी म्हणाल्या. "हे आणि मिस्त्री. नंतर काहीतरी बिनसलं, पुढे मिटलंही. नाव गेलं ते गेलं. मिस्त्री म्हणतो, वहिनी, नावात काय आहे? चांगला माणूस आहे हो. मंगळवारी मी पोलिसांत गेले तेव्हा घर सांभाळायला तोच धावत आला."

मग त्यांनी दोन निरोप दाखवले. पहारेकरीवर काम करणारे लोक देशोदेशी पसरलेले. ते सगळे एका टपालयादीवर एकमेकांना लिहितात. दोन्ही निरोप गुरुजींच्या खात्यावरून त्या यादीवर आले होते.

मंगळवारचा होता: 'लहान दुरुस्ती. काही जुन्या पंपांची यंत्रं चालू व्हायला ऐंशी सेकंद घेतात. पहारेकरी साठ सेकंदांतच त्यांना मेलेली समजून पुन्हा बंद करत होता. मुदत वाढवली आहे. दोष दाखवल्याबद्दल आभार: पंपवाले काका.'

बुधवारचा होता: 'मी ठीक आहे. थोडा एकांत हवा आहे, शोधू नये. शुक्रवारची, कंपनीच्या करारावरची सही पुढे ढकलावी.'

"पोलिसांनी कुठला वाचला?" बाईंनी विचारलं.

"बुधवारचा. पहिल्यात त्यांना काही कळलं नाही."

"हं," बाई म्हणाल्या आणि पहिलाच पुन्हा वाचू लागल्या.

*

मंगळवारी वहिनी नऊला गेल्या आणि एकला परतल्या. त्या वेळात घरात तिघं येऊन गेल्याचं शेजाऱ्यांनी पाहिलं होतं. बाईंनी तिघांनाही बोलावून घेतलं. दुपारचे साडेबारा वाजत होते. हवालदार दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता.

पहिली आली चिमणी. तिशीची, किरकोळ अंगाची. यादीवर तिने चिमणीचं चित्र लावलेलं, तेच नाव तिला चिकटलं. दोन वर्षं ती गुरुजींना दुरुस्त्या पाठवत होती, आता नव्या आवृत्त्या काढायचा हक्कही त्यांनी तिला दिला होता, पण भेट कधी झाली नव्हती. नेमकी सोमवारी पहिल्यांदाच या गावात उतरली होती.

"शुक्रवारी सही होणार, ये म्हणाले गुरुजी," ती डोळे पुसत म्हणाली. "मंगळवारी दहाला मी आले. मिस्त्रीकाका म्हणाले, तू बस, मी जातो. अकराला बसस्थानकावर ठेवलेलं सामान आणायला गेले, अर्ध्या तासात परत आले."

"फोन आला होता?"

"माझ्यासमोर नाही."

"हे पंपवाले काका कोण?"

"कोण जाणे. यादीवर असं कुणी नाही. पण आभाराची ओळ असायलाच हवी. ज्याने दोष दाखवला त्याचं नाव घालायचंच, हा आमच्यातला पहिला नियम. पगार नाही, पाटी नाही. ती एक ओळच मिळते माणसाला."

हवालदाराने बाईंना बाजूला घेतलं. "हीच ती! दोन वर्षं गोड बोलून विश्वास कमवायचा आणि मग घाव घालायचा, हा जुना डाव आहे."

"तिला नवी आवृत्ती स्वतःच्या नावाने काढता येते, हवालदार. गुरुजींचा मुखवटा कशाला घालेल ती?"

हवालदाराने वहीत चिमणीच्या नावावर काट मारली.

दुसरे आले कंपनीचे साहेब. त्यांची कंपनी दवाखान्यांची यंत्रं विकायची, पोटात पहारेकरी घालून. अंगातल्या टीशर्टवर 'आपण सारे एक कुटुंब' असं छापलेलं. त्यांनी टेबलावर एक गुळगुळीत पत्रक ठेवलं: 'आमचा विश्वास, आमचा पहारेकरी.' हवालदाराने पत्रक उलटसुलट करून पाहिलं. गुरुजींचं नाव कुठेच नव्हतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तो मनात म्हणाला.

"मंगळवारी अकराला मी कागद घेऊन आलो," साहेब म्हणाले. "घरात कुणी नव्हतं, दार नुसतं लोटलेलं. वीस मिनिटं बसलो आणि गेलो. फोन? नाही वाजला. बघा, उद्या बाराला सही व्हायलाच हवी. वीस वर्षं सगळं एकट्याने लिहिलं, एवढंच गुरुजींनी लिहून द्यायचं. एक लेखक, एक सही, काम सोपं."

"तुम्हाला या प्रोग्राममधलं काही कळतं?"

"एक ओळसुद्धा नाही," साहेब मोकळेपणाने हसले. "माझं काम माणसं जोडायचं."

मिस्त्री शेवटी आला. पन्नाशी उलटलेला, थकलेला, बसक्या आवाजाचा. बाहेर ऊन मरणाचं, आणि हा जाड स्वेटर घालून. दारातच त्याने तो काढून हातावर घेतला.

"यंत्रखोलीतून तसाच आलो," तो म्हणाला. दोन गल्ल्या पलीकडे त्याची यंत्रखोली होती. जगभरच्या फुकट प्रोग्रामांच्या प्रती तिथल्या यंत्रांवर ठेवलेल्या असत.

"मला दाखवाल खोली?" बाईंनी सहज विचारलं.

"दाखवली असती. पण सोमवारपासून एसी बंद पडलाय, आत भट्टी झालीय. कुणाला आत घेत नाही मी." तो वहिनींकडे वळला. "वहिनी, काळजी करू नका. येईल तो. हट्टी आहे, पण येईल."

"मंगळवारी फोन आला होता?" बाईंनी विचारलं.

"नऊ ते दहा होतो मी. नाही आला."

तिघांनीही कानांवर हात ठेवले होते.

"वहिनी," बाई म्हणाल्या, "पंपवाले काका म्हणजे कोण, तुम्हाला माहीत आहे?"

"हो! जलकेंद्रावर कामाला आहेत. त्यांना ते संगणकावरचं टपाल जमत नाही. काही अडलं की घरच्या फोनवर करतात. नंबर आहे वहीत."

बाई फोनपाशी गेल्या. तिघांना त्यांनी दुसऱ्या खोलीत बसवलं आणि स्पीकर लावून नंबर फिरवला.

"मंगळवारीच केला होता की फोन!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "रात्री पंप तीनदा आपोआप बंद झाले. अर्धं गाव कोरडं पडलं असतं. पाळी सुटल्यावर लगेच गुरुजींना सांगितलं."

"किती वाजता?"

"घड्याळ कोण बघतो? सकाळीच."

"गुरुजीच बोलले?"

"दुसरं कोण? आवाज जरा बसलेला होता, सर्दी झाली असेल. लगेच विचारलं, काका, यंत्र चालू व्हायला किती सेकंद लागतात? मी मोजून सांगितलं, ऐंशी. म्हणाले, मग पहारेकरी घाई करतोय. रात्रीपर्यंत दुरुस्तही झालं. देवमाणूस हो!"

"आणखी कुणाला सांगितलं होतंत हे?"

"नाही बुवा. माझ्याकडे हा एकच नंबर आहे."

बाईंनी फोन ठेवला. हवालदाराला त्यांचा चेहरा ओळखीचा होता. गणित सुटलं की तो असा कोरा व्हायचा.

"हवालदार, ॲम्ब्युलन्स बोलवा. गल्लीच्या तोंडाशी उभी राहू दे. आणि तुम्ही दारात थांबा."

*

सगळे बाहेरच्या खोलीत आले. बाई उभ्याच राहिल्या.

"एकच सांगते. मंगळवारी या फ्रीजमधून कुणीतरी इन्सुलिनचं पेन नेलं. समोरचं नेलं तर लक्षात येईल, म्हणून सगळ्यात मागचं, रबर लावलेलं. नेणाऱ्याला वाटलं असेल, आपण जीव वाचवतोय. ते पेन गोठलेलं होतं. त्यातलं औषध मेलेलं आहे. ते टोचणं आणि साधं पाणी टोचणं सारखंच. गुरुजींच्या अंगात सोमवार सकाळपासून इन्सुलिनचा थेंब गेलेला नाही."

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं, चिमणीने तोंडावर हात घेतला. मिस्त्रीच्या हातातला स्वेटर खाली पडला.

"नाही," तो म्हणाला. "मी रोज दोन वेळा दिलं. स्वतः दिलं! तो म्हणत होता, गुण येत नाही, गुण येत नाही. मला वाटलं, नाटक करतोय."

वहिनींनी किंकाळी फोडली. हवालदार थांबला नाही. फ्रीजमधली दोन्ही पेनं वहिनींच्या हातात कोंबून त्याने मिस्त्रीचा दंड धरला आणि धावत सुटला.

यंत्रखोलीचं दार लोखंडी होतं. मिस्त्रीला किल्ली लागेना. हवालदाराने ती हिसकावून घेतली. दार उघडलं आणि अंगावर बर्फासारखी हवा आली. आत शेकडो पंखे घोंघावत होते. कुणी ओरडून ओरडून मेलं असतं तरी गल्लीत ऐकू गेलं नसतं. यंत्रांच्या दोन रांगांमध्ये सतरंजीवर, तीन चादरींखाली गुरुजी पडले होते. श्वास खोल, घाईघाईचा, आणि त्याला सडक्या फळासारखा गोडसर वास. उशाला लॅपटॉप, जेवणाचं न उघडलेलं ताट आणि रबर लावलेलं पेन.

"गुरुजी!" हवालदाराने हाक मारली. उत्तर आलं नाही.

त्याने त्यांना खांद्यावर घेतलं. देवा, या खेपेला तरी उशीर नको, एवढंच तो म्हणत होता, आणि मोठ्याने म्हणत होता हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

*

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. वहिनी काचेपाशी उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. काचेपलीकडे एक यंत्र टिक टिक करत होतं. त्याच्याही पोटात पहारेकरी असेल का, हा विचार हवालदाराच्या मनात आला.

मिस्त्रीला पोलीस घेऊन गेले होते. साहेबांना फोनवर फोन येत होते. चिमणी बाईंच्या शेजारी बसली होती.

"बाई, बोला काहीतरी," हवालदार म्हणाला. "गप्प बसलं की नको ते सुचतं. तुम्हाला कळलं कसं?"

बाईंनी चष्मा काढला. "पहारेकरी कसा फसतो, ते आधी बघा. 'मी जागा आहे' असा निरोप येत राहिला, की तो निवांत असतो. पाठवतंय कोण, हे तो विचारत नाही. पोलिसांचं तेच झालं. मी मात्र मंगळवारच्या निरोपात अडकले. गुरुजी सोमवारी संध्याकाळी गेले. काकांचा फोन मंगळवारी सकाळी या घरात आला. मग गुरुजींच्या निरोपात काकांचं नाव पोचलं कसं? या घरातल्या फोनवरूनच. म्हणजे ज्याने तो उचलला त्याच्या हातात गुरुजींचं खातं होतं आणि तो आपल्याशी खोटं बोलत होता."

"तो तिघांपैकी कुणीही असेल."

"आवाज पुरुषाचा, म्हणून चिमणी सुटली. राहिले दोघं. सेकंद किती, हे विचारायला आणि दोष जागच्या जागी ओळखायला प्रोग्राम पोटातून माहीत असावा लागतो. साहेबांना एक ओळ येत नाही."

"येत नाही असं ते म्हणतात!"

"बरं, खोटं म्हणतात असं धरू. पण त्यांना सही उद्या हवी होती, आणि बुधवारचा निरोप सांगतो, सही पुढे ढकला. शिवाय त्यांचं पत्रक पाहिलंत ना? ज्या कंपनीने गुरुजींचंच नाव छापलं नाही, ती पंपावरच्या काकांचं छापेल?"

चिमणी हळूच म्हणाली, "पण मिस्त्रीकाकांनी तरी ती ओळ का घातली? नसती घातली तर कुणाला पत्ता लागला नसता."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "दुरुस्ती त्याने केली, कारण अर्धं गाव पाण्यावाचून राहणं त्याला बघवलं नसतं. आणि आभाराची ओळ गाळणं त्याला जमलं नसतं. वीस वर्षांपूर्वी त्याची स्वतःची ओळ पांढऱ्या शाईखाली गेली. नावात काय आहे, हे तो जगाला सांगत राहिला, पण ते त्याला कधी पटलं नाही. उद्या गुरुजी लिहून देणार होते, की सगळं एकट्याने केलं. पोलिसांपुढे त्याने कबूल केलंच, सोमवारी त्याने गुरुजींना बोलावलं, नाव घाल म्हणून विनवलं, ते नाही म्हणाले आणि याने रागात दार लावलं. माणूस कोंडायला त्याचा हात कचरला नाही, दुसऱ्याचं नाव गाळायला कचरला."

"आणि खोली?"

"एसी बंद, आत भट्टी म्हणाला, आणि आला तिथूनच स्वेटर घालून. मग खोली बंद कशासाठी होती? पण कुलूप तोडण्यात वेळ गेला असता, वाद झाला असता. किल्ली त्याने आपण होऊन द्यायला हवी होती. पेन नेणाऱ्याला गुरुजी मरायला नको होते, एवढी माझी खात्री होती. म्हणून पेनाचं खरं सांगितलं."

हवालदाराला मिस्त्रीचा चेहरा आठवला. मला वाटलं, नाटक करतोय. तीन दिवस हा माणूस रोज दोन वेळा सुई टोचत होता, आणि आपण माया करतोय असं समजत होता. हवालदाराला त्या रागीट हातापेक्षा त्या प्रेमळ हाताचीच जास्त भीती वाटली.

सातला डॉक्टर बाहेर आले. धोका टळला होता. वहिनी तिथेच जमिनीवर बसल्या. हवालदार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, कारण या वयात रडताना कुणी बघितलेलं त्याला चालत नसे.

*

रविवारी गुरुजी उशीला टेकून बसले आणि त्यांनी चिमणीचा लॅपटॉप मागितला. साहेबांचे कागद तसेच परत गेले होते.

"आधी जेवा," वहिनी म्हणाल्या.

"एक निरोप, मग जेवतो."

हातात सलाईनची सुई होती, त्यांना टाइप करता येईना. ते सांगत गेले आणि चिमणी लिहीत गेली. हवालदाराने मागून वाचलं: 'पहारेकरी, दुरुस्ती. दोष वीस वर्षं जुना. ठिकाण: पहिलं पान, लेखकांची यादी. एक नाव गाळलं होतं, ते परत घातलं आहे. चूक माझी.'

चिमणी थांबली. "आणि आभाराची ओळ?"

"त्याच्या तोंडात माती!" वहिनी कडाडल्या. "त्या माणसाने तुम्हाला जवळजवळ मारलं, आणि त्याचे आभार मानणार?"

गुरुजी बायकोकडे वळले. "त्याची शिक्षा त्याला कोर्ट देईल," ते म्हणाले. "मी नको म्हणणार नाही. त्या खोलीत मी किती ओरडलो, ते मलाच माहीत. पण दोष त्याने दाखवला. ज्याने दाखवला त्याचं नाव घालायचं."

वहिनी तोंड फिरवून खिडकीपाशी गेल्या. चिमणीने हवालदाराकडे पाहिलं, हवालदाराने बाईंकडे. बाई चष्मा पुसत होत्या.

"लिही," गुरुजी म्हणाले. "दोष दाखवल्याबद्दल आभार: मिस्त्री."